सदलग्याच्या आक्काची तुर्की

सदलग्याची आक्का चार भाषा बोलायची आणि चारही चुकीच्या बोलायची. तिच्या कन्नडात मराठी घुसायची, मराठीत कन्नड, हिंदीत दोन्ही. आणि चौथी, तुर्की, म्हणजे तर आठवड्याचा बाजारच, जे हाताला लागेल ते टोपलीत. पण या चार भाषांच्या जोरावर तिचं एकही काम कुठे अडलं नाही. तुर्कस्तानात तिच्याच इमारतीत दोन मजले वर मी राहत होते. मला अडीच भाषा येत होत्या, अगदी ऱ्हस्वदीर्घासकट शुद्ध, आणि मला पाव किलो टोमॅटो मागता येत नव्हते.

नातवंडं मागे लागतात, "आजी, तू परदेशात राहिलीस ना, सांग ना." मी त्यांना बर्फाच्या आणि डोंगराच्या गोष्टी सांगून वाटेला लावते. खरी गोष्ट आक्काची आहे, आणि तिच्यात मी चांगलीच बावळट दिसते, म्हणून इतकी वर्षं लांबवली. आता लाज वाटण्याचं वय गेलं.

सव्वीस वर्षं झाली. आमचे हे बेळगावजवळच्या मच्छ्याच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होते. त्या फाउंड्रीनं तुर्कस्तानात, बुर्सा नावाच्या शहरात, तिथल्या एका कारखान्याबरोबर काम सुरू केलं आणि तीन वर्षांसाठी इथली माणसं पाठवली. आम्ही तिघं गेलो: हे, मी आणि सात वर्षांची प्राजू. दुसरं बिऱ्हाड आप्पा आणि आक्काचं. आप्पा ओतकामाचे साचे बनवण्यात वाकबगार; मुलं मोठी होऊन मार्गी लागलेली, म्हणून दोघंच. विमानात आक्का माझ्या शेजारी बसली. इरकल साडी, वर आप्पांचा जुना कोट, पायांत लोकरीचे मोजे. खुर्चीचा पट्टा बांधायच्या आधीच तिनं विचारलं, "कन्नड येतंय न्हवं?"

मी वडगावची. जन्म बेळगावात, शिक्षण बेळगावात, सात वर्षं मराठी शाळेत व्याकरण शिकवलेलं. मान ताठ करून म्हटलं, "नाही. आमच्या घरात मराठीच बोलतात." सीमाभागात हे वाक्य आमच्या पिढीचा दागिना होता. तो घालूनच मी विमानात चढले होते.

"असू दे," आक्का म्हणाली. "चौतीस वर्सं कन्नडाच्या शेजारात राहून एक अक्षर आत शिरू दिलं न्हाईस, म्हंजे कान लई घट्ट हाईत तुझं. तिकडं जरा ढिलं कर, मास्तरीणबाई."

मी तिथेच ठरवलं की या बाईंपासून अंतर ठेवायचं. त्या आपल्याला 'तू' म्हणोत, आपण 'तुम्ही'च म्हणायचं.

तुर्की मी रीतसर शिकायला घेतली. दोनशे पानी वही, डावीकडे समास, लाल शाईनं नियम, निळ्या शाईनं उदाहरणं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर क्रियापदांचे तक्ते. भाकरी थापताना तोंडानं तेच. दुकानात काय बोलायचं ते घरी लिहून पाठ करायचं आणि मग जिना उतरायचा. माझं वाक्य चोख असायचं. पण दुकानदार त्यावर उलट काहीतरी विचारायचा आणि ते नेमकं माझ्या वहीत नसायचं! मग मी हसल्यासारखं करून रिकामी पिशवी घेऊन वर. शेवटी मी सगळी खरेदी मोठ्या दुकानात करायला लागले, जिथे वस्तू उचलायची, पैसे द्यायचे आणि तोंड उघडावं लागत नाही. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं, असं माझं ठाम मत होतं. वर्गातल्या पोरांनाही मी तेच सांगत आले होते, देव मला क्षमा करो. चार महिन्यांत मी अख्ख्या तुर्कस्तानाशी मिळून वीसेक वाक्यं बोलले असेन. वीसच्या वीस बरोबर.

आणि प्राजू बोलायची बंद झाली.

तिला तिथल्याच शाळेत घातलं होतं. निळा डगला, पांढरी कॉलर, वर्गात पंचेचाळीस मुलं. पहिले काही दिवस ती रडली, मग रडणंही थांबलं. शाळेत एक शब्द नाही. मग जिन्यात कुणी भेटलं तर माझ्या पाठीमागे. मग घरीसुद्धा मान हलवून हो, नाही, एवढंच. बेळगावात असताना जी पोर समोरच्या वाण्याशी, रिक्षावाल्याशी, खिडकीतल्या चिमणीशी बोलायची, ती जेवताना फक्त पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवायला लागली. मी रोज संध्याकाळी तिला माझी वही उघडून शिकवायला बसायची. ती वहीकडे बघायची, माझ्याकडे बघायची, आणि ओठ घट्ट मिटायची.

आक्काचं सगळं उलटं चाललं होतं. तिच्याकडे वही नव्हती, होती ती एक सवय. आपल्याकडे कुणी भेटलं की 'जेवलासा काय?' म्हणतात, कन्नडात 'ऊटा आतेन्री?' म्हणतात, तशी ती दिसेल त्याला तुर्कीत विचारायची, "येमेक येदिन मी?" जेवलास का? पोस्टमनला, झाडूवाल्याला, बँकेतल्या टाय लावलेल्या साहेबाला. आपल्याकडे याचं उत्तर 'व्हय, तुमचं?' एवढंच असतं. पोळी भाजीचा त्याच्याशी संबंध नसतो. तिथे मात्र लोकांना वाटायचं, ही बाई एक तर आपल्याला जेवायला बोलावते आहे किंवा स्वतः भुकेली आहे. बसच्या ड्रायव्हरला तिनं सकाळी आठ वाजता विचारलं. त्यानं बस थांबवून डब्यातून तीळ लावलेलं पावाचं कडं काढलं, अर्धं मोडून तिच्या हातावर ठेवलं आणि मगच गाडी पुढे नेली. मागच्या खुर्चीवर मी लाजेनं खिडकीबाहेर बघत होते, जणू या बाईंची आणि माझी ओळखच नाही.

"आक्का, असं अनोळखी माणसाला विचारतात का?" मी घरी आल्यावर म्हटलं.

"मग काय इचारतात? क्रियापद?" आक्का म्हणाली. "पोटाचं इचारलं की माणूस दार उघडतंय. तुझ्या वहीनं कुणी दार उघडलं काय, सांग."

पुढे तो ड्रायव्हर तिला बघून लांबूनच हॉर्न वाजवायचा आणि खिडकीतून स्वतःच ओरडायचा, "येमेक येदिन मी?"

मी एकदा कोथिंबीर समजून कुठलीतरी पालेभाजी उचलून आणली. पानं तशीच, वास भलताच. हट्टानं तिच्या वड्या केल्या. ह्यांनी एक खाल्ली आणि कारखान्यात काम निघालं म्हणून उठून गेले. आक्कानं दुसऱ्या दिवशी पदराच्या टोकाला चार धणे बांधले आणि मंगळवारच्या बाजारात गेली. भाजीवालीच्या तळहातावर धणे ठेवले, तिला वास घ्यायला लावला. भाजीवालीनं नवऱ्याला हाक मारली, त्यानं शेजारच्याला. पाहता पाहता अर्धा बाजार धणे हुंगायला लागला. कुणीतरी म्हातारा ओळखीचं हसला. पुढच्या मंगळवारी आक्काच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी होती. तिला तिचं तुर्की नाव आलं ते त्यानंतर. "आधी वस्तू, मग नाव," आक्का म्हणाली. "पोरं तशीच शिकत्यात. तू आधी नाव पाठ करतीस आणि वस्तू घरी ईत न्हाय."

आमच्या खाली तळमजल्यावर नेरिमान नावाची सत्तरीची बाई राहायची. आपल्याकडे मोठ्या बाईला मावशी म्हणतात तसं तिथे 'तेयझे' म्हणतात, म्हणून ती नेरिमान तेयझे. तिच्याशी माझी पहिली भेट भांडणाची. हे पंधरा दिवसांच्या कामासाठी दुसऱ्या शहरात निघाले होते. टॅक्सी हलली, मी गॅलरीतून हात हलवत होते, आणि बघते तर ही म्हातारी तांब्याभर पाणी घेऊन दारात आली आणि टॅक्सीच्या मागे रस्त्यावर खळ्ळकन ओतलं! माझ्या पायांखालची जमीन सरकली. आपल्याकडे माणूस बाहेर पडल्यावर लगेच केर काढत नाहीत, पाणी टाकणं तर दूरच. ते कधी करतात ते सांगायला नको. मी धडधडत खाली उतरले आणि तिला सुनावलं. शुद्ध मराठीत. "तुमच्या घरात कुणी आहे की नाही? जिवंत माणूस आत्ता दारातून गेला आणि तुम्ही रस्ता धुता?" तुर्कस्तानातलं माझं ते पहिलं लांबलचक भाषण. म्हातारी बिचारी घाबरली आणि मला बसायला खुर्ची दिली.

आवाज ऐकून आक्का आली. तिनं म्हातारीचा हात धरला, तांब्याकडे बोट दाखवलं, भुवया उंचावल्या. म्हातारीनं हातानंच नदी काढली, जाणारी आणि येणारी. आक्काला कळलं. ती माझ्याकडे वळली. "पाण्यासारका सरसर जा आणि पाण्यासारका परत ये, असं म्हणतीया ती. आशीर्वाद हाय तिचा. इचारायचं सोडून वरडालीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पर एक सांगू?" आक्का म्हणाली. "आज पयल्यांदा तू वहीबिगर बोललीस. लई ग्वाड वाटलं."

प्राजू जिन्यात उभी राहून हे सगळं बघत होती. वर आल्यावर ती माझ्या जवळ आली आणि कित्येक दिवसांनी एक पूर्ण वाक्य बोलली, "आई, तू आज मोठ्यानं बोललीस." मी तिला जवळ घेतलं. त्यातलं सांगणं मात्र माझ्या घट्ट कानांत शिरलं नाही.

फेब्रुवारीत शाळेनं ह्यांना बोलावलं. ह्यांना कारखान्यातली तुर्की येत होती, भट्टी आणि साचा आणि लवकर करा, एवढी. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला. वर्गशिक्षिकेचं म्हणणं होतं की पाच महिने मुलीनं तोंड उघडलेलं नाही. मे अखेरपर्यंत बोलली नाही तर तिला त्याच वर्गात बसवावं लागेल, आणि ज्या मुलांना बोलताच येत नाही त्यांच्या वेगळ्या शाळेसाठी तपासणी करून घ्यावी लागेल. हे म्हणाले, "तुम्ही दोघी बेळगावला परत जा. मी एकटा काढतो अडीच वर्षं."

मी आक्काच्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुसरीकडे जायला होतं कोण? आक्का मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापत होती. तिनं मला रडू दिलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि मग म्हणाली, "रडालीस कशाला? पोरगी मुकी न्हाय. तुझी नक्कल करालीया."

"माझी?"

"मग कुणाची? पाच म्हैनं तिला काय दिसालंय? बाप कारखान्यात. आई हुशार, मास्तरीण, सगळं येतंय. आणि दुकानात गेली की गप. लोकं दिसली की गप. पोरगीला वाटलं, ह्या गावात तोंड उघडायचं नसतंय. आईच्या वळणावर पोरगी जायाची न्हाय तर कुणाच्या जाईल?"

"आक्का, मला चुकीचं बोलायची लाज वाटते हो."

"भाषा काय देवपूजा हाय काय गं, सोवळ्यानं करायला? हात खरकटं झाल्याबिगर पोट भरतंय काय?" तिनं भाकरी माझ्या पुढ्यात ठेवली. "मंगळवारी बाजारला चल. वही घरी. पोरगी संगं. आणि बोलायचं तू, मी न्हाय."

तो पहिला मंगळवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. तिथे काम करणाऱ्या माणसाला 'काम सोपं होवो' म्हणायची रीत आहे आणि आजाऱ्याला 'बरं वाटो' म्हणायची. मी चीजवाल्यासमोर जाऊन, छातीवर हात ठेवून, खणखणीत आवाजात म्हटलं, "बरं वाटो!" चीजवाला थबकला. मग त्यानं सुस्कारा सोडला आणि मला आपल्या गुडघ्याबद्दल सांगायला लागला. दहा मिनिटं. पॅंट वर करून गुडघा दाखवला. आजूबाजूचे विक्रेते पोट धरून हसायला लागले. माझे कान तापले. प्राजूनं माझ्या कोटात तोंड खुपसलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी घाबरून वाकून बघितलं. पोरगी हसत होती. आवाज न करता, पण डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"लोकं हसली, आक्का," मी परतताना म्हटलं.

"हसली म्हंजे त्यास्नी कळलं. कळलं नसतं तर हसली असती काय?"

मी दर मंगळवारी जायला लागले. अंड्यांचा भाव विचारताना कोंबडीचं वय विचारलं. ताज्या माशांना 'हजर आहात का' म्हणाले. मुळ्याच्या जुडीसाठी घासाघीस करताना इतकी रंगले की भाव वाढवून घेतला. आक्का लांब उभी राहून कांदे निवडल्याचं सोंग करायची. मी वळून बघितलं की तिची पाठ. एकदा वैतागून म्हटलं, "अगं आक्का, एक शब्द तरी सांग!" बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, मी तिला 'तू' म्हटलं होतं. तिच्या लक्षात आलं होतंच. तिनं फक्त कांदा पिशवीत टाकला. प्राजू घरी आता माझ्या चुकांवर खुदखुदायची, माझी नक्कल करून ह्यांना दाखवायची. पण शाळेत अजून एक अक्षर नाही.

मेमध्ये शाळेची चिठ्ठी आली. या वेळी आईनं यावं, मुलीसह. हे भट्टी सोडून येऊ शकत नव्हते. मी थेट आक्काच्या दारात. "तू चल. तुला बोलता येतं. बाईंना सगळं नीट समजावून सांग."

"मी न्हाय यायची."

"आक्का, थट्टेची वेळ नाही ही. तिला त्या शाळेत टाकतील."

"म्हणून तर न्हाय यायची. मी आले तर मी बोलणार. मग पोरगीला काय दिसंल? आई गप बसलीया आणि आक्का बोलालीया. परत पयल्यापासनं."

मी खूप बोलले तिला त्या दिवशी. तुझी मुलं मार्गी लागली, तुला काय कळणार, असंही बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. "व्हय," ती म्हणाली, "माझी लागली मार्गी. तुझी तू लाव." आणि दार लावून घेतलं. इतक्या जवळच्या माणसानं आपल्या तोंडावर दार लावलं की काय होतं ते मला तेव्हा कळलं.

शाळेत वर्गाच्या टोकाला एक छोटं टेबल. शिक्षिका तरुण, दमलेली, समोर वह्यांचा ढीग. वाईट नव्हती ती. पंचेचाळीस पोरं होती तिच्या गळ्यात. प्राजू माझ्या शेजारी, हात मांडीवर, ओठ मिटलेले. मी घरून तीन पानांचं भाषण पाठ करून आले होते. तोंड उघडलं आणि तिन्ही पानं कोरी!  शिक्षिका वाट बघत होती. शेजारी माझी पोर माझ्या ओठांकडे बघत होती. आता मी गप्प राहिले तर ही कायमची गप्प राहील.

मग मी बोलले. जे येईल ते, जसं येईल तसं. बाजारात टोपलीत टाकावं तसे शब्द टाकत गेले. "माझी मुलगी बोलते. घरी बोलते. हसते. आई चूक. आई गप्प, मुलगी गप्प. मुलगी हुशार, आई गाढव." शिक्षिकेच्या ओठांच्या कडा हलल्या. मला धीर आला, हसली म्हणजे कळलं. मी पुढे रेटलं. "माझी मुलगी इथे एकटी. मैत्रीण नाही. कुणी जवळ बसत नाही. डबा एकटी खाते. एकटं मूल कुणाशी बोलणार?" हे मला अगदी खरं वाटत होतं. रोज मी तेच डोळ्यांसमोर आणून रडत होते.

"आन्ने!"

तिथे आईला आन्ने म्हणतात. मी वळून बघितलं. प्राजू खुर्चीवरून उतरली होती. गाल लाल. माझ्याकडे नाही, शिक्षिकेकडे बघून ती तुर्कीत बोलायला लागली, घडघड, न अडखळता, जिन्यातून ऐकलेल्या नेरिमान तेयझेच्या सुरात. की मी एकटी नाही. एलिफ माझ्या शेजारी बसते. डबा आम्ही दोघी खातो, तिची चटणी मला आवडते आणि माझ्या पोळ्या तिला. शेंगदाण्याचे लाडू एलिफच संपवते. आईला काही माहीत नाही. आई उगाच खोटं सांगते.

शिक्षिकेच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. मला त्यातलं निम्मंच समजलं, तरी पुरेसं समजलं. सात वर्षांची माझी लेक अख्खी भाषा पोटात घेऊन नऊ महिने बसली होती, आणि आईनं तिच्या मैत्रिणीला नाकारलं तेव्हा कुठे तिच्यानं राहवलं नाही. शिक्षिका उठली, प्राजूसमोर गुडघ्यावर बसली आणि हळूच काहीतरी विचारलं. प्राजूनं उत्तर दिलं. मग आणखी विचारलं. आणखी उत्तर. मी मध्येच रुमाल शोधायला लागले तर शिक्षिकेनं तिचा दिला. तिलाही हवा होता, खरं म्हणजे. वेगळ्या शाळेचा कागद तिनं माझ्यासमोर फाडला.

घरी आलो तेव्हा आक्का तळमजल्याच्या पायरीवर बसली होती. किती वेळ बसली होती कोण जाणे. नेरिमान तेयझेनं नंतर सांगितलं, आम्ही गेल्यापासून. दुपारची भाकरी झाली नव्हती, आप्पा कोरडा पाव खाऊन गेले होते. आम्हाला बघून ती उभी राहिली. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात प्राजूच सुरू झाली. मराठीत, मग मध्येच तुर्कीत, मग पुन्हा मराठीत; आई काय चुकली, बाई कशा रडल्या, एलिफ कोण, लाडू कुणी संपवले. मी मध्ये एक शब्द घालायला गेले.

"ए मास्तरीण," आक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता तू गप बस. पोरगीचं ऐकू दे."

तिला डोळ्यांना पदर लावताना मी पहिल्यांदाच पाहिलं. विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते. पायरीवर!

तीन वर्षं संपली. आम्ही बेळगावला आलो, आप्पा-आक्का सदलग्याला. तिथे कुणी विचारलं, "आक्का, तुर्कस्तानात काय बघितलं?" तर ती सांगायची, "माणसं. आपल्यासारकीच हाईत. फकस्त सकाळी उठून मिठातली कडू फळं खात्यात." ऑलिव्हला ती हेच म्हणायची. आपल्याला चौथी भाषा येते हे तिनं गावात कधी मिरवलं नाही. ते मी मिरवलं, जिथे जाईन तिथे. लग्नांत, हळदीकुंकवात, शाळेच्या स्टाफरूममध्ये. व्याकरणाच्या बाईंनी कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं एवढं कौतुक करावं, याचं लोकांना नवल वाटायचं. आणि परतल्यावर पहिल्याच महिन्यात मी खडेबाजारात कन्नड बोलायला सुरुवात केली. भाजीवाल्या हसल्या. मी हिशोब बरोबर लावला: हसल्या, म्हणजे कळलं. आजही माझं कन्नड ऐकून माझा जावई बोटं कानांत घालतो. घालू दे. वर्गात शेवटची दहा वर्षं मी पोरांना आधी बोलू दिलं आणि मग लाल शाई काढली. त्यातलं श्रेय कुणाचं ते मी निरोपसमारंभात नाव घेऊन सांगितलं. आक्का पहिल्या रांगेत बसली होती. घरी जाताना म्हणाली, "लई लांबलं गं भाषण. लोकांचं जेवण व्हायचं हुतं."

गेल्या दिवाळीनंतर आक्का अंथरुणाला खिळली. मी सदलग्याला गेले तेव्हा तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. कुणाशी फारसं बोलत नव्हती. सुनेनं सांगितलं, दोन दिवस पाणीसुद्धा खुणेनं मागते. मी शेजारी बसून इकडचं तिकडचं सांगत राहिले. तेवढ्यात प्राजूचा व्हिडिओ कॉल आला, बेंगळूरहून. ती आता तेहेतीसची. दिवसभर लोकांशी बोलणं हेच तिचं काम. एलिफशी अजून बोलणं असतं, त्यामुळे तुर्की तिची मोडलेली नाही. मी फोन आक्काच्या तोंडासमोर धरला.

प्राजूनं तुर्कीत काहीतरी म्हटलं. आक्काचे डोळे उघडले. तिनं उत्तर दिलं, तुटक, चुकत, मध्ये एक कन्नड शब्द. प्राजू हसली. आक्का बोलली, आणखी बोलली. दोन दिवस पाणी खुणेनं मागणारी बाई दहा मिनिटं बोलत होती. माझी तुर्की केव्हाच गंजून गेली आहे. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी फोन धरणारी बाई झाले होते, आणि माझा हात दुखायला लागला तरी मी तो खाली केला नाही. एकदा दोघींनी माझ्याकडे बघितलं आणि दोघी एकदम हसल्या. माझ्यावरच होतं काहीतरी, एवढं कळायला भाषा लागत नाही.

आठवड्यानं आक्का गेली. प्राजू आली होती. परतीच्या गाडीत, चिकोडी मागे पडल्यावर, मी तिला विचारलं, "त्या दिवशी काय म्हणाली गं आक्का माझ्याबद्दल?"

"सांगू नको म्हणालीय."

"आता ती गेली की. आता काय?"

"म्हणून तर नाही सांगायचं," प्राजू म्हणाली आणि खिडकीबाहेर बघून हसायला लागली, रडता रडता.

तिनं अजून सांगितलेलं नाही. मीही दर रविवारी फोनवर विचारायचं सोडलेलं नाही.